पुण्यातल्या रामनदीतला भराव : सोसायटीच्या रविवारच्या मीटिंगआधी सगळ्यांनी वाचा

बी-४०४ : काल रात्री पुन्हा चार डंपर आले. पलीकडच्या साइटवरचा राडारोडा थेट नदीत लोटलाय. मागच्या आठवड्यात त्या उंबराचा बुंधा दिसत होता, आज नुसता शेंडा दिसतोय. फोटो टाकलेत.

ए-७०१ : जागा त्यांची, प्रकल्प त्यांचा. आपण कशाला मध्ये पडायचं? आधी टँकरचं बिल बघा.

सी-३०१ : पात्र एका काठानं बुजवलं की पाणी दुसऱ्या काठावर चढतं, आणि दुसरा काठ म्हणजे आपलं सी विंगचं पार्किंग. म्हणून मध्ये पडायचं. पाटबंधारेत उभी नोकरी गेली माझी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या रेषा, दोन असतात. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा जलसंपदा विभाग आखतो. नदीकाठापासून निळ्या रेषेपर्यंत नवीन इमारत बांधता येत नाही. बाग, मोकळं मैदान, पार्किंग अशा गोष्टी चालतात. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ४५ सेंटीमीटर वर. आता ही उंची गाठायला कुणी पात्रातच भराव टाकला, तर तेवढं पाणी कुणाच्या तरी घराकडे वळतं. खांबांवर उचललेली इमारत आणि भरावावर उचललेली इमारत कागदावर सारखीच दिसते. पुराच्या पाण्याला मात्र एक वाट देते, दुसरी अडवते.

ए-७०१ : २५ वर्षांतून एकदा ना काका? तोवर बघू.

सी-३०१ : हाच गैरसमज सगळीकडे असतो. २५ वर्षांचा पूर म्हणजे दर पावसाळ्यात शंभरात चार शक्यता. तुमचं गृहकर्ज २० वर्षांचं असेल, तर तेवढ्या काळात तो पूर निदान एकदा यायची शक्यता ५६ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त. एकदा येऊन गेला म्हणजे पुढची २५ वर्षं सुट्टी, असंही नाही.

डी-२०२ : माझी मावशी अरण्येश्वरला राहते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा खालच्या मजल्यावरचे सगळे तिच्या घरी जमले होते. दारात लावलेल्या गाड्या सकाळी एकीवर एक चढलेल्या होत्या. शहर आणि आसपास मिळून वीसहून जास्त माणसं गेली त्या पावसात. आणि तो तर ओढा, आपण त्याला नालाच म्हणायचो. मावशी अजून जोराचा पाऊस लागला की झोपत नाही.

बी-४०४ : मग तक्रार कशी करायची? फोटो पुरतात का?

सी-३०१ : फोटोवर तारीख आणि ठिकाण दिसू दे. सोबत कागद हवेत. महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर त्या प्रकल्पाचं पान कुणालाही उघडता येतं. तिथून मंजूर नकाशा आणि बांधकाम परवानगी काढा. नकाशावर पूररेषा दाखवली आहे का, कुठून जाते, ते आधी बघू. बाकीचं माहिती अधिकारात मागू. पत्रात ‘नदी वाचवा’ एवढंच लिहू नका. भराव काठापासून किती मीटर आत, लांबी किती, उंची किती, ते लिहा.
आणि लेखी देऊन काही होत नाही असं समजू नका. विठ्ठलवाडीजवळ मुठेच्या पात्रातून रस्ता काढला होता. लोक हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालतात तिथे, गेले आणि २०१३ मध्ये तो निळ्या रेषेबाहेर न्यायचा आदेश झाला.

सेक्रेटरी : काका, एक अडचण आहे. आपली मागची कंपाउंड वॉलसुद्धा काठाला लागूनच आहे. पाहणीला आले तर आपलंही मोजतील.

ए-७०१ : तेच म्हणतोय मी. कशाला ओढवून घ्यायचं?

डी-२०२ : मोजू देत. भिंत आत येत असेल तर मागे घेऊ, खर्च वाटून घेऊ. समोरच्यांना एक नियम आणि आपल्याला दुसरा, असं पत्र माझ्याच्यानं सही होणार नाही.

सी-३०१ : ताई, बरोबर बोललात. भिंतीचं मोजमाप आपणच करू आणि पत्रात स्वतःहून देऊ. भिंतीपलीकडे बाभळीच्या फांद्यांना प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्यात, बघितल्यात? गेल्या पावसाळ्यात पाणी तिथवर होतं. जमिनीपासून त्यांची उंची घ्या. एवढी सरळ खूण दुसरी मिळणार नाही. भराव असाच राहिला तर यंदा पाणी त्याच्याही वर जाईल.

बी-४०४ : टेप माझ्याकडे आहे, तीस मीटरची. काका, तुम्ही खाली उतरू नका, काठ निसरडा आहे. मी आणि वॉचमनदादा मोजतो, तुम्ही वरून लिहून घ्या. उद्या साडेसहा?

सी-३०१ : सहाला. साडेसहाला डंपर सुरू होतात.

ए-७०१ : शिडी लागेल फांदीपर्यंत. माझ्याकडे आहे, घेऊन येतो.