हद्दपारी मागून घेतलेल्या बायका

ब्रिटन-आयर्लंडमधून शिक्षा म्हणून ऑस्ट्रेलियात हद्दपार केलेल्या बायकांबद्दल ‘त्या सगळ्या अट्टल गुन्हेगार होत्या’ असं म्हटलं जातं, ते मला मुळीच पटत नाही. बहुतेकींचा गुन्हा किरकोळ चोरीचा, कपड्यांची नाहीतर खाण्याची, आणि त्याला सात वर्षांची हद्दपारी! १८४५ नंतरच्या दुष्काळात तर काही आयरिश बायकांनी काळ्या पाण्यावर पाठवावं म्हणून मुद्दाम आगी लावल्या. उपाशी मरण्यापेक्षा ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं टास्मानिया बेट बरं, इतकी वेळ आली होती. तिथे होबार्ट शहरातल्या कॅस्केड्स फीमेल फॅक्टरीत, म्हणजे बायकांच्या तुरुंग-कारखान्यात, तान्ह्या मुलांचं दूध लवकर तोडून आईला पुन्हा कामाला जुंपत. दमट, कोंदट खोल्यांत कितीतरी बाळं दगावली. हे वाचताना पोटात कालवतं. पण त्या निमूट सोसत बसल्या नाहीत. १८२७ मध्ये सिडनीजवळच्या पॅरामाटा गावातल्या अशाच फॅक्टरीत रेशन कापलं, तेव्हा बायका बाहेर पडल्या, गावात घुसून पाव-मांस उचललं. शेवटी सैनिक बोलवावे लागले.