कुंगफूपटाआधी तत्त्वज्ञानावर व्याख्यान हवं की नको?

खांडेपारकर (धागा सुरू)
फोंड्यात एका सभागृहात श्रावणातल्या चार रविवारी चार चित्रपट दाखवायचं घाटतंय: 'थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन', 'एंटर द ड्रॅगन', 'अ टच ऑफ झेन' आणि 'हीरो'. प्रत्येकाआधी अर्धा तास पौर्वात्य तत्त्वज्ञानावर व्याख्यान ठेवा, अशी सूचना आलीय. माझा विरोध आहे. या चित्रपटांतला विचार पांढऱ्या दाढीच्या गुरूच्या वाक्यांत शोधायचाच नसतो. तो शरीराच्या हालचालीत असतो, आणि तो बघायचा असतो.

'थर्टीसिक्स्थ चेंबर' (१९७८) घ्या. नायक सान ते शाओलिनच्या बौद्ध मठात शिकायला येतो आणि घाईघाईने थेट सर्वांत वरच्या, पस्तिसाव्या शिक्षणदालनात शिरतो. तिथे सूत्रपठण चाललेलं. त्याच्या डोक्यावरून जातं आणि तो बाहेर फेकला जातो. मग सुरुवात कुठून होते, तर जेवणघराच्या दारापासून. वाटेत पाणी, पाण्यावर तरंगती मोळी. तिच्यावर पाय टेकून पलीकडे जायचं. भार चुकला की माणूस पाण्यात, आणि जेवायला उशीर. पुढे हात आडवे ताणून पाण्याच्या बादल्या चढणीवर न्यायच्या. दंडांना आतून सुऱ्या बांधलेल्या. हात खाली आला की टोक बरगडीत. 'संयम ठेव' हे कुणी सांगायची गरजच उरत नाही. मेणबत्तीच्या दालनात डोकं दोन जाड पेटत्या उदबत्त्यांच्या मध्ये, आणि हलती ज्योत फक्त बुबुळांनी टिपायची. मान वळली की चटका. व्याख्याता याच्यात आणखी काय भर घालणार?

झुआरीपल्याड
खांडेपारकरबाब, हे जरा जास्तच होतंय. ती दृश्यं रंगतदार आहेत म्हणून लोक बघतात. गोष्ट शेवटी सूडाचीच आहे: चीनवर राज्य करणाऱ्या मांचूंच्या सैनिकांनी माणसं मारली, नायक शिकून आला, सेनापतीचा हिशेब चुकता केला. यात बौद्ध काय आहे?

तुमच्याच यादीतला 'एंटर द ड्रॅगन' बघा. १९७३च्या अमेरिकी प्रतीतून ब्रूस ली आणि मठाधिपती यांचा संवाद कापला होता. तो परत जोडला १९९८मध्ये. खतखत्यातून तिरफळ काढलं तर जेवणारा पहिल्याच घासाला बोलतो. इथे संवाद काढला आणि २५ वर्षं कुणी पानावरून उठलं नाही. तेव्हा व्याख्यान नको हे मान्य, पण 'विचार असतो' हेही अमान्य.

खांडेपारकर
संवाद कापला, शेवटच्या झुंजीतली आरशांची खोली कापली नाही ना? ली प्रतिबिंबांवर हात उगारतो, फसतो, वार खातो. मग प्रतिस्पर्ध्याला शोधणं सोडून आरसेच फोडायला लागतो. मठाधिपतींचं 'प्रतिमा मोड, म्हणजे शत्रू मोडेल' हे वाक्य ऐकलं नसलं तरी जे कळायचं ते कळतं. माझा मुद्दा तुम्हीच मांडलात.

झुआरीपल्याड
आरसे फोडणं ही युक्ती आहे. कुठल्याही हुशार माणसाला सुचेल. प्रत्येक युक्तीला झेन, म्हणजे ध्यानमार्गी बौद्ध विचार, म्हणायचं तर गल्लीतला क्रिकेटही झेन.

पेडण्याची झांज
दोघेही गोष्टीवर भांडताय, मी तालावर बोलतो. आमच्याकडे दशावतारात राजा आणि राक्षस तलवारी भिडवतात तेव्हा 'खरंच लागलं का' असं कुणी विचारत नाही. मृदंगाची थाप, झांजेचा ठोका, त्यावर पाऊल, मग क्षणभर स्तब्ध. पेकिंग ऑपेरा हे चिनी संगीतनाट्यही असंच तालवाद्यांवर चालतं, आणि हाँगकाँगच्या लढाया तिथूनच निघाल्या. 'अ टच ऑफ झेन'चा दिग्दर्शक किंग हू. त्याच्या लढाया बसवणारा हान यिंग-जिए ऑपेरातलाच.

लढाई बघताना दोन गोष्टी मोजा. एका शॉटमध्ये सलग किती वार-बचाव आहेत? आणि दोन्ही माणसं डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत आहेत का? पाय दिसले नाहीत तर तोल दिसत नाही, आणि तोल दिसला नाही तर उरते ती हातवाऱ्यांची गर्दी. तिसरी गोष्ट थोडी खट्याळ आहे: मागे उभा असलेला गुंड आपल्या पाळीची वाट बघत नुसताच डोलतोय का ते बघा. तो डोलत असेल तर लढाई ढिली बसवलीय.

त्याच चित्रपटातली बांबूच्या रानातली झुंज तर शिकण्यासारखी. उड्या ट्रॅम्पोलिनवरून मारलेल्या, पण सबंध उडी दाखवलेलीच नाही. उसळी, हवेतली थोडीशी झलक, लगेच जमीन. नजर पोहोचेपर्यंत माणूस गेलेला. शब्दाने धरता न येणाऱ्या गोष्टीबद्दल झेन बोलतं म्हणतात. इथे संकलनाने ते केलंय.

डिचोलीचा काता
पडद्यावरचा ठोसा आणि खरा ठोसा एकमेकांचे वैरी आहेत, हे आधी लक्षात घ्या. खरा ठोसा समोरच्याला दिसता कामा नये. पडद्यावरचा मागच्या रांगेलाही दिसला पाहिजे. म्हणून तो लांबून, वळण घेऊन येतो. कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे असला की मूठ आणि गाल यांच्यातलं वीतभर अंतर झाकलं जातं. तो बाजूला सरकला की पोल उघडी. आघात ठसावा म्हणून कपड्यांवर पावडर टाकतात, म्हणजे लाथ बसली की धुरळा उडतो. दूरचा शॉट संपतो तिथल्या एक-दोन फ्रेम जवळच्या शॉटमध्ये पुन्हा दाखवतात, म्हणजे एकच वार दोनदा लागल्यासारखा वाटतो. चित्रण सेकंदाला २०-२२ फ्रेमने करून २४ने चालवलं की हातांना वेग येतो. प्रमाणाबाहेर गेलं तर चालणंही तुडतुड्यासारखं दिसतं.

एवढी कारागिरी असताना 'शरीर खोटं बोलत नाही' हे मला पटत नाही. शरीर इथे पगारी खोटं बोलतं. विचार असलाच तर तो लढाई बसवणाऱ्याच्या डोक्यात.

खांडेपारकर
पटलं, पण बसवणारा कोण तेही बघा. 'थर्टीसिक्स्थ चेंबर'चा दिग्दर्शक लाउ कार-लेउंग स्वतः कुंगफूच्या परंपरेतला माणूस. त्याचे वडील लाम साय-विंग यांचे शिष्य, आणि लाम साय-विंग हे वाँग फेइ-हुंग या नामांकित कुंगफूगुरूंचे. झुआरीपल्याडना सगळं सूडाचं वाटतं, तर त्याच लाउने १९७८मध्येच 'हीरोज ऑफ द ईस्ट' काढला. चिनी नवरा, जपानी बायको, दोघांच्या युद्धकलांचा सामना, आणि सबंध चित्रपटात एकही माणूस मरत नाही. 'थर्टीसिक्स्थ चेंबर'चा शेवटही सेनापतीपाशी थांबत नाही. मठाबाहेरच्या सामान्य माणसांना शिकवायचं छत्तिसावं दालन उघडतं, तिथे गोष्ट संपते.

झुआरीपल्याड
'हीरोज ऑफ द ईस्ट'पुरतं मान्य.

साळावली
व्याख्यान सरसकट नको म्हणताय, पण 'हीरो'चं (२००२) काय करणार? तिथे विचार हालचालीत नाही, निर्णयात आहे. चिन नावाच्या राज्याचा राजा, जो पुढे इ. स. पूर्व २२१मध्ये सगळी राज्यं गिळून पहिला सम्राट झाला, त्याला मारायची संधी समोर असताना मारेकरी हात आखडता घेतो. का, तर देश एक व्हावा म्हणून. हुकूमशहाचं कौतुक केलं अशी टीका त्यावर झाली. इतिहास ठाऊक नसलेला प्रेक्षक रंगीत वस्त्रं आणि पिवळी पानं बघून टाळ्या वाजवत घरी जाईल. युद्धकलेचं तत्त्वज्ञान नेहमी सोज्वळ असतं हा भ्रम मोडायला तरी कुणी बोललं पाहिजे.

आणि बोलणाऱ्याने बोधिधर्माची कथा आवरती घ्यावी ही विनंती. 'आपल्या दक्षिणेतल्या भिक्षूने शाओलिनला कुंगफू शिकवलं' हे प्रत्येक व्याख्यानात येतं. ज्या व्यायामग्रंथावर ते उभं आहे तो सतराव्या शतकातला. शाओलिनच्या भिक्षूंनी लढल्याचा पक्का पुरावा हवा तर ७२८चा शिलालेख आहे, ६२१मध्ये त्यांनी ली शि-मिनला, म्हणजे पुढच्या तांग सम्राटाला, केलेल्या मदतीबद्दलचा. त्यात बोधिधर्माने लढायला शिकवल्याचं काही नाही.

खांडेपारकर
साळावलीबाय, 'हीरो'पुरतं ऐकतो. पण चित्रपट संपल्यावर, दहा मिनिटं, आणि तुम्हीच बोला. आधी सांगितलं तर राजा वाईट की बरा हे ठरवूनच लोक बसतील.

डिचोलीचा काता
प्रोजेक्टर कुठलाही आणा, त्यातलं मोशन स्मूदिंग आधी बंद करा. ते मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने भरतं, आणि जाणूनबुजून तोडलेली हालचाल तेलकट होते. दुसरं, 'थर्टीसिक्स्थ चेंबर' हा हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स स्टुडिओचा चित्रपट रुंद चौकटीचा आहे, रुंदी-उंचीचं प्रमाण २.३५ ला १. टीव्हीसाठी कडा कापलेली जुनी प्रत मिळाली तर सान तेच्या तीन तुकड्यांच्या काठीची टोकं चौकटीबाहेर जातात, आणि तो नुसताच हवेत हात फिरवताना दिसतो. इंग्रजी डबिंग टाळा. मूळ मँडरिनही नंतरच भरलेलं आहे, ओठ तिथेही थोडे चुकणारच, पण आवाजाची चढउतार बरी आहे.

झुआरीपल्याड
व्याख्यान नको यावर माझं मत पक्कं, कारण तेवढं वेगळं. 'अ टच ऑफ झेन' तीन तास वीस मिनिटांचा आहे आणि जवळपास तासभर तलवारच निघत नाही. त्याआधी आणखी अर्धा तास भाषण झालं तर बांबूचं रान बघायला सभागृहात आयोजकच उरतील. मध्यंतर कुठे ठेवणार?

पेडण्याची झांज
बांबूच्या झुंजीनंतर. तैवानमध्ये तो आधी दोन भागांत लागला होता. पहिला भाग त्याच झुंजीवर संपायचा आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला ती पुन्हा दाखवायचे. चहा तेव्हाच द्या, आधी दिलात तर लोक कप घेऊन बाहेरच उभे राहतील.