भोपळ्यातली म्हातारी दर पानावर वेगळीच दिसते: बालचित्रांचा सराव कसा करावा?

नमस्कार मंडळी,

मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची आहेत, जाणत्यांची मदत हवी आहे. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिल्या, त्यानंतर १५ वर्षं ब्रश हातात नव्हता. गेल्या दिवाळीपासून लेक झोपली की रोज अर्धा तास बसते. पेन्सिल, वॉटरप्रूफ शाई, जलरंग. ३ चित्रवह्या भरल्या. शाईची रेघ आता थरथरत नाही.

परवा सगळ्या वह्या शेजारी-शेजारी मांडल्या तेव्हा लक्षात आलं, की बहुतेक पानांवर एकटं मूल समोर बघत उभं आहे. कुणी धावत नाही, पडत नाही, कुणाशी बोलत नाही. मागे घर नाही की झाड नाही. हे बघून कोण मला गोष्ट देईल?

म्हणून ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ घेतली. ३२ पानांचं पुस्तक धरलं (कागदाच्या घड्यांमुळे पानं बहुधा ८ किंवा १६च्या पटीत येतात). नाव, श्रेय यांची पानं सोडून १३ जोडपानं (समोरासमोरची दोन पानं) ठरवली आणि काडेपेटीएवढ्या चौकटींत कच्ची मांडणी केली. इथवर फार आनंद झाला. अडले ती म्हातारीपाशी. जाताना हडकुळी, लेकीकडून परतताना गुबगुबीत, मग भोपळ्यातून डोकावणारं नुसतं तोंड. माझ्या तिन्ही चित्रांत तीन वेगळ्या बायका आहेत. लेकीनेही विचारलं, “ही कुठली आजी?”

एकाच पात्राचा सराव नेमका कसा करतात? अर्ध्या तासात बाहेरची रेखाटनं करू, की हीच गोष्ट पुढे नेऊ? पोर्टफोलिओत (संपादकाला दाखवायच्या निवडक चित्रांत) किती चित्रं हवीत? टॅब्लेट घ्यावाच लागेल का?

प्रतिसाद

ताई, आधी चेहरा सोडा आणि माप ठरवा. मोठ्या माणसाची उंची साधारण सात-साडेसात डोकी भरते, लहान मुलाची पाच-सहा. तुमची म्हातारी चार डोक्यांची ठरवलीत, तर अंग फुगलं तरी डोकं तेवढंच ठेवायचं. अंबाडा, नाकाचा बाक, काठी धरायची ढब, या खुणा अजिबात बदलायच्या नाहीत. मग आकृती नुसती काळी भरून बघा. तरीही ओळखू आली तर जमलं. एका मोठ्या कागदावर ती समोरून, बाजूने, पाठमोरी, बसलेली, घाबरलेली काढा आणि तो कागद टेबलासमोर चिकटवा.

आठवड्यातले चार दिवस गोष्टीला द्या, दोन दिवस बाहेर. एसटी स्टँड, आठवडी बाजार, शाळा सुटताना फाटकापाशी. मुलं क्षणभरही स्थिर नसतात, म्हणून पाठीचा वाक आणि पायांची दिशा तेवढी पकडायची. तुमची उभी मुलं यानेच हलायला लागतील.

दहा-बारा चित्रं पुरेत, पण त्यातली तीन-चार सलग एकाच गोष्टीची असू द्या. संपादकाला तेच बघायचं असतं. टॅब्लेटची घाई नको, मूळ चित्र ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) नीट स्कॅन करा. आणि जोडपानाच्या मधल्या घडीत कुणाचा चेहरा येऊ देऊ नका. पुढच्या सरावासाठी स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर खुल्या परवान्याच्या (श्रेय देऊन मोफत वापरता येणाऱ्या) मराठी गोष्टी आहेत. तिथली चित्रं न बघता नुसता मजकूर घ्या.

धागाकर्ती

मनापासून आभार! आत्ताच पाहिलं, अंबाडा तिन्ही चित्रांत वेगवेगळ्या जागी आहे. आणि वाघ भेटतो त्या जोडपानावर म्हातारी नेमकी घडीवर बसलीये, तिला डावीकडे सरकवते. एक राहिलं: ती गुबगुबीत झाल्यावर नऊवारीचा काष्टा पाठमोरा कसा दिसेल? कुणी रेखाटून दाखवाल का?