टेक्सासात रोज जवळ बाळगण्यासाठी सडपातळ पिस्तूल: निवड कशी करावी?

शाल्मली_शुगरलँड

नमस्कार. मी ह्यूस्टनजवळ शुगरलँडला राहते आणि एका रुग्णालयाच्या औषध विभागात रात्रपाळी करते. पाळी संपली की मोठ्या, जवळजवळ रिकाम्या पार्किंगमधून गाडीपर्यंत एकटीने चालत जावे लागते. ग्रीन कार्ड हाती आल्यानंतर घरात बराच विचार झाला आणि स्वसंरक्षणासाठी एक पिस्तूल घ्यावे, असे आम्ही दोघांनी ठरवले. प्राथमिक प्रशिक्षण मी घेतले आहे, परंतु स्वतःचे असे पहिले पिस्तूल निवडताना माझा गोंधळ उडाला आहे.

माझे हात लहान आहेत आणि मनगटात फारसा जोर नाही. दुकानातल्या विक्रेत्याने ‘बाईमाणसाला हेच बरे’ असे म्हणत रुगरचे एलसीपी हे अगदी छोटे, .३८० या काडतुसाचे पिस्तूल पुढे केले. यजमानांचे मत सिग पी३६५ घ्यावे असे आहे. माझ्या मनात तीन प्रश्न आहेत. जितके पातळ आणि हलके तितके चांगले, हे खरे का? .३८० पुरेसे ठरते, की ९ मिमीच घ्यावे? आणि कामावर मी स्क्रब्ज घालते, एरवी बहुधा कुर्ता-लेगिंग. दोन्हींना पट्टा नसतो. मग पिस्तूल पर्समध्ये ठेवले तर चालेल का? कामाच्या जागी आत शस्त्र नेण्यास मनाई आहे, हेही सांगून ठेवते.

दख्खनी_नेमबाज

शाल्मलीताई, मी डॅलसजवळ नवशिक्यांना नेमबाजी शिकवतो आणि ‘लहान हात, म्हणून लहान पिस्तूल’ हा सल्ला मला वारंवार खोडून काढावा लागतो. दुकानात हातात घेतल्यावर सर्वांत सुखद वाटणारे पिस्तूल रेंजवर सर्वांत त्रासदायक निघते, आणि याचे कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. काडतूस तेच असेल तर पिस्तूल जितके हलके तितका धक्का हाताला जास्त बसतो. एलसीपीचे वजन सुमारे २७० ग्रॅम आहे, तर पी३६५ चे सुमारे ५०० ग्रॅम. म्हणूनच .३८० चे काडतूस ९ मिमीपेक्षा सौम्य असूनही एवढ्या हलक्या पिस्तुलातून झाडल्यावर तळहाताला झोंबते, आणि ज्याचा सराव झोंबतो त्याचा सराव माणूस हळूहळू टाळू लागतो.

दुसरी गोष्ट स्लाइडची, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या, मागे-पुढे सरकणाऱ्या भागाची. काडतूस नळीत भरण्यासाठी ती हाताने मागे ओढावी लागते. मोठ्या पिस्तुलाची स्लाइड जड असते आणि तिला मागे सरकायला अंतरही जास्त मिळते, त्यामुळे तिची स्प्रिंग तुलनेने मऊ ठेवता येते. लहान पिस्तुलात स्लाइड हलकी आणि तिचा प्रवास आखूड असल्यामुळे स्प्रिंग कडक ठेवणे भाग पडते. परिणामी ज्यांच्या मनगटात जोर कमी आहे त्यांनाच लहान पिस्तुलाची स्लाइड ओढणे जड जाते. नेमकी हीच अडचण ओळखून स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये शील्ड ईझी हे पिस्तूल .३८० मध्ये आणले आणि २०२० मध्ये त्याची ९ मिमी आवृत्ती काढली. त्याची स्लाइड खरोखरच सहज मागे येते, मॅगझिन (मुठीत बसणारा काडतुसांचा कप्पा) भरणेही सोपे जाते, आणि मुठीच्या मागच्या बाजूची सेफ्टी मूठ नीट आवळल्याशिवाय गोळी सुटू देत नाही. मात्र ९ मिमी ईझीचे वजन साडेसहाशे ग्रॅमच्या घरात जाते आणि ते इतरांपेक्षा किंचित जाडही आहे.

आता जाडीविषयी. या वर्गातल्या बहुतेक पिस्तुलांची जाडी एक इंचाच्या आसपासच असते, त्यामुळे मिलिमीटरचे तक्ते जुळवत बसण्यात फारसा अर्थ नाही. स्मिथ अँड वेसनचे २०१२ चे मूळ शील्ड आणि २०१५ चे ग्लॉक ४३ ही एकेरी ओळीच्या मॅगझिनची पिस्तुले होती आणि ग्लॉक ४३ मध्ये तर सहाच काडतुसे बसत. २०१८ मध्ये आलेल्या पी३६५ ने ही काडतुसे मॅगझिनमध्ये किंचित नागमोडी रचून जवळजवळ तेवढ्याच आकारात दहा बसवली, आणि त्यानंतर संपूर्ण बाजाराचे गणित बदलले. २०१९ चे स्प्रिंगफील्ड हेलकॅट आणि २०२१ चे शील्ड प्लस ही त्याच वाटेने आलेली पिस्तुले आहेत. ती तिन्ही उत्तम आहेत. त्यांतले कोणते घ्यावे हे तुमच्या हाताने ठरवावे, माझ्या किंवा यजमानांच्या मताने नव्हे.

हाताने ठरवावे म्हणजे काय, तेही सांगतो. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून दोन्ही हातांनी मूठ धरा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा आणि तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर सहज टेकते का ते पाहा. मनगट वळवल्याशिवाय बोट तिथवर पोहोचत नसेल, तर ते पिस्तूल तुमचे नाही. करंगळी मुठीवर मावते की खाली लोंबकळते, हेही पाहा. करंगळीला आधार नसेल तर दर गोळीनंतर पिस्तूल हातात फिरते आणि पुढचा नेम लागायला वेळ जातो. लपवण्याच्या दृष्टीने नळीची लांबी जवळजवळ गौण आहे, कारण नळी कमरेच्या आत जाते. कपड्याखालून उठून दिसते ती मूठ. म्हणून आखूड नळीच्या मागे लागू नका. उलट, थोडी लांब नळी पोटाशी नीट टेकून बसते.

.३८० विषयी माझे मत स्पष्ट आहे. १९८६ मध्ये मायामीला झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले, आणि त्यानंतर त्या संस्थेने गोळीची भेदकता जिलेटिनच्या ठोकळ्यावर मोजण्याची जी पद्धत रूढ केली तिच्यात बारा ते अठरा इंच खोली अपेक्षित धरली जाते. आखूड नळीतून सुटलेली .३८० ची होलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेली, आत शिरल्यावर फुलणारी) गोळी पुष्कळदा फुलते पण तेवढी आत जात नाही, किंवा आत जाते पण फुलत नाही. ९ मिमीत हे दोन्ही बऱ्याच भरवशाने साधते. तरीही ९ मिमीचा धक्का तुम्हाला सोसत नसेल आणि .३८० च्या ईझीने तुमच्या गोळ्या एका तळहाताएवढ्या जागेत पडत असतील, तर मी तुमच्या हातात निःशंकपणे ते ईझीच देईन, कारण नेम चुकलेल्या ९ मिमीचा कोणालाच उपयोग नाही.

विकत घेण्यापूर्वी रेंजवर ही पिस्तुले भाड्याने घेऊन झाडून पाहा. विकत घेतल्यानंतर किमान दोनशे साधी काडतुसे आणि जी होलो पॉइंट काडतुसे रोज भरणार असाल त्यांची एक पेटी अडथळ्याविना झाडली जाईपर्यंत त्या पिस्तुलावर भिस्त ठेवू नका.

पालवी_ऑस्टिन

पर्सच्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण हा प्रश्न बायकांना पडतो आणि त्याचे उत्तर बहुधा पुरुष देतात. ताई, पर्समध्ये पिस्तूल ठेवू नका. पर्स आपण खुर्चीला अडकवतो, ट्रॉलीत ठेवतो, मैत्रिणीच्या घरी सोफ्यावर टाकतो आणि तिथली मुले खाऊ शोधायला तिच्यात हात घालतात. पार्किंगमध्ये चोर सर्वांत आधी जी वस्तू हिसकावतो तीही पर्सच असते, म्हणजे ज्या क्षणी पिस्तूल हवे त्याच क्षणी ते समोरच्याच्या हातात जाते. अगदी नाइलाजच झाला तर पिस्तुलासाठी वेगळा, बंद होणारा कप्पा असलेली खास पर्स घ्यावी, त्या कप्प्यात होल्स्टर (पिस्तुलाचे म्यान) असावे आणि दुसरी कोणतीही वस्तू असू नये. लिपस्टिक किंवा किल्ली ट्रिगरच्या कडीत अडकून गोळी सुटणे सहज शक्य आहे.

कुर्त्याचा मात्र तुम्हाला फायदाच आहे. सैल, छापील, गुडघ्यापर्यंतचा कुर्ता टी-शर्टपेक्षा कितीतरी चांगले लपवतो. अडचण पट्ट्याची आहे, आणि त्यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे पोटाभोवती गुंडाळायचा रुंद लवचीक पट्टा. परंतु नुसत्या कापडी खिशाचा घेऊ नका, ज्यात कायडेक्स या कडक प्लास्टिकचे कवच ट्रिगर पूर्ण झाकते तोच घ्या. दुसरा, कपड्यांवर अवलंबून नसलेला, स्वतःच्या पातळ पट्ट्यावर बसवलेला होल्स्टर, जो लेगिंगवरही जागचा हलत नाही. दोन्हींत पिस्तूल परत ठेवताना घाई नको: कुर्ता दुसऱ्या हाताने पूर्ण वर उचलून, होल्स्टरमध्ये कापड गेलेले नाही हे डोळ्यांनी पाहून मगच ठेवावे. कुर्ता लांब असल्यामुळे तो वर ओढून पिस्तूल काढण्याचा सराव घरी रिकाम्या पिस्तुलाने, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, भरपूर करावा लागतो. या सरावाखेरीज होल्स्टरच्या निवडीला काही अर्थ राहत नाही.

एडिसनकर

मी न्यू जर्सीचा, त्यामुळे इकडचे चित्र थोडक्यात मांडतो. २३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यू यॉर्कच्या खटल्यात निकाल दिल्यानंतर आमच्याकडे सामान्य नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा परवाना मिळू लागला, तोवर तो जवळजवळ अशक्य होता. मॅगझिनमध्ये दहाच काडतुसांची मर्यादा असल्याने आम्हाला पी३६५ चे मूळ दहाचे मॅगझिन किंवा ग्लॉक ४३एक्स सोयीचे पडते. मी ४३एक्स निवडले, कारण त्याची मूठ लांब आहे आणि माझी करंगळी तिच्यावर बसते. लपवायला ते थोडे कठीण, पण नेम स्थिर राहतो.

एक विनंती आहे. टेक्सासचा परवाना इकडे चालत नाही. एडिसनला नातेवाइकांकडे येताना पिस्तूल घरीच ठेवून यावे. न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्निया दुसऱ्या राज्याचा परवाना मानत नाहीत आणि इथे शिक्षा कठोर आहे.

गोदातीर

पिस्तुलांची चर्चा वर उत्तम झाली आहे. मला मूळ प्रश्नातल्या शेवटच्या वाक्याविषयी बोलायचे आहे, कारण त्याकडे अजून कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. रुग्णालयात शस्त्र नेण्यास मनाई असेल, तर पिस्तूल पाळीभर गाडीतच राहणार. २०११ च्या कायद्यानुसार टेक्सासात काही अपवाद वगळता मालकाला कर्मचाऱ्याच्या कुलूपबंद गाडीतले कायदेशीर शस्त्र मना करता येत नाही, हे खरे. परंतु ज्या अंतराची तुम्हाला भीती वाटते, म्हणजे इमारतीच्या दारापासून गाडीपर्यंत, त्याच अंतरात ते पिस्तूल तुमच्याजवळ नसेल. त्यासाठी सुरक्षारक्षकाने गाडीपर्यंत सोबत यावे, ही मागणी प्रशासनाकडे लेखी करा आणि पाळी संपणाऱ्या दोघी-तिघींनी मिळून निघा. पिस्तूल घ्यायचे की नाही हा निर्णय या गोष्टीचा विचार करूनच घ्यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

गाडीत ठेवायचे तर आसनाच्या चौकटीला तारेने जखडलेली पोलादी पेटी हवी, आणि पिस्तूल होल्स्टरसकट पेटीत जावे. दररोज दोनदा ते उघड्यावर हाताळणे हाच या सगळ्यातला सर्वांत धोक्याचा भाग आहे.

कायद्याचे आणखी काही. १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील पात्र व्यक्तीला टेक्सासात परवान्याविना पिस्तूल बाळगता येते, तरी परवाना अवश्य काढा. शाळेच्या हजार फुटांच्या परिसरातील संघराज्याच्या निर्बंधातून त्या राज्याच्या परवानाधारकाला सूट आहे. विनापरवाना व्यक्तीला ती नाही, आणि शहरात शाळेजवळून न जाता फिरणे अशक्यच आहे. परवान्याच्या नेमबाजी परीक्षेत तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून ५० गोळ्या झाडाव्या लागतात आणि २५० पैकी १७५ गुण पुरतात. ३०.०६ क्रमांकाची पाटी (परवानाधारकालाही लपवलेले शस्त्र आत नेण्यास मनाई करणारी) किंवा बारच्या दारावरचा लाल ‘५१%’ (निम्म्याहून अधिक उत्पन्न दारूविक्रीतून असल्याची खूण) दिसला तर आत शस्त्र नेऊ नये.

घरी सतरा वर्षांखालील मूल असेल आणि भरलेले पिस्तूल त्याच्या हाती लागले, तर टेक्सासात तो पालकाचा गुन्हा ठरू शकतो. याच्याशी जोडून आपल्याकडची एक खास परिस्थिती आहे. आई-वडील भेटीच्या व्हिसावर येऊन काही महिने राहतात, आणि संघराज्याचा कायदा अशा पाहुण्यांना, तसेच एच-१बी किंवा एच-४ वर असलेल्यांना, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता, शस्त्र किंवा काडतूस बाळगू देत नाही. म्हणून कपाटाच्या सामाईक खणात पिस्तूल ठेवू नका आणि पेटीच्या कुलुपाचा आकडा त्यांना सांगू नका. घरात कोणी खोल निराशेतून जात असेल, तर खरेदीच पुढे ढकला.

शाल्मली_शुगरलँड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रेंजवर जाऊन पी३६५, शील्ड प्लस आणि ९ मिमीचे शील्ड ईझी अशी तिन्ही झाडून पाहिली. पी३६५ ची स्लाइड मला दमल्यावर ओढवेना. शील्ड प्लसची मूठ आवडली, पण ईझीने माझ्या गोळ्या सर्वांत जवळजवळ पडल्या आणि पाचव्या मॅगझिनपर्यंत हात थरथरला नाही, म्हणून वजन मान्य करून तेच घ्यायचे ठरवले आहे. यजमानांनाही ते पटले. सुरक्षारक्षकाच्या सोबतीसाठी मी आणि दोन सहकारी परिचारिकांनी मिळून अर्ज दिला आहे. एक प्रश्न उरतो: डिसेंबरात नाशिकला जाणार आहोत, तेव्हा पिस्तूल कुठे ठेवावे?

गोदातीर

घरी, भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्क्या केलेल्या तिजोरीत ठेवा आणि भारतात नेण्याचा विचारही करू नका. तिकडे ९ मिमी हा निषिद्ध बोअर आहे, म्हणजे सामान्य नागरिकाला बंदी असलेला नळीचा व्यास. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रेंजवर नेलेली कोणतीही पिशवी प्रवासाला घेऊ नका. अस्तरात राहून गेलेले एकच जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर यंत्रात दिसले, तरी शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा नोंदवला जातो, आणि आपल्याला त्याची कल्पनाच नव्हती हे पटवून देण्यात सुट्टी तर जातेच, पुढे न्यायालयाच्या खेपाही होतात. प्रवासाच्या बॅगा वेगळ्या ठेवा, आणि जॅकेटचे खिसे आदल्या रात्री उलटे करून तपासा.