मदत हवी: बाण शेपटी वर करून रुततो, नॉक पॉइंट खाली घेतला तर आणखी बिघडलं

नमस्कार. मी सातारची. इथे धनुर्विद्येला तोटा नाही, २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक सुवर्ण जिंकलेले अदिती स्वामी आणि ओजस देवतळे इथेच तयार झाले. पण ते कंपाउंडवाले, म्हणजे चाकं लावलेलं धनुष्य वापरणारे. नेम धरायची साईट नाही, बाण टेकवायचा रेस्ट नाही, बाण थेट शेल्फवर (मुठीच्या वरच्या खाचेत) ठेवून मारायचा, असं लाकडी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) वापरणारं माझ्या ओळखीत कोणी नाही.

धनुष्य ६२ इंची, २८ इंच ओढल्यावर ४० पाउंड जोर. माझी ओढ २७ इंच, उजव्या हाताने, तिन्ही बोटं बाणाच्या खाली. बाण कार्बनचे, ५०० स्पाइन (ताठपणाचा आकडा), २९ इंच, पुढे १०० ग्रेन वजनाची टिप. डॅक्रॉनची (कृत्रिम धाग्याची) नवी दोरी ताणून ब्रेस हाइट, म्हणजे मुठीपासून दोरीचं अंतर, सात इंचांवर आली होती. पीळ देऊन परत साडेसात केली, तेव्हा खणखणाट बराच कमी झाला.

अडचण अशी: १५ मीटरवर चाचणीचा बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांपेक्षा हातभर डावीकडे जातो आणि शेपटी वर करून रुततो. म्हणून नॉक पॉइंट, म्हणजे बाणाचा नॉक (शेपटीची खाच) दोरीवर जिथे बसतो तिथली गाठ, शेल्फच्या पातळीपासून अर्ध्या इंचावरून पाव इंचावर आणला. आता शेपटी आणखी वर, शिवाय सुटताना 'टक्' असा आवाज. सव्वा वर्ष पैसे साठवून घेतलेलं धनुष्य आहे, तो आवाज ऐकवत नाही. काय चुकतंय?

प्रतिसाद:
ताई, नॉक पॉइंट फार खाली असला तरी शेपटी वरच दिसते. बाणाचा मागचा भाग शेल्फवर आपटून उसळतो. त्यात तिन्ही बोटं खाली असली की बाण दोरीवरून खाली घसरतो. शेल्फच्या चामड्यावर चिमूटभर कुंकू लावा आणि बिनपिसांचा बाण मारा. बाण ओढताना पुढचा भाग लाल होणारच, पण नॉकजवळच्या सहा-सात इंचांत रंग दिसला तर तो आपटतोय.

तसं असेल तर वरची गाठ पाऊण इंचावर न्या, बाणाखाली दोऱ्याची दुसरी गाठ मारा, नॉक आवळला जाणार नाही इतकी फट ठेवून. मग दोन्ही गाठी थोड्या थोड्या खाली आणा. हे होईपर्यंत डावीकडे बघूच नका.

नंतरही डावीकडे गेला तर बाण तुमच्या धनुष्याला जास्त ताठ आहे. २७ इंचाला तुमच्या हातात ३७-३८ पाउंडच येतात. बाण मात्र कापू नका, आखूड झाला की अजून ताठ होतो. टिप जड करा, म्हणजे बाण जास्त वाकेल.

धागाकर्ती:
कुंकू लावून मारला. नॉकपासून चार बोटांवर लाल ठिपका! दुसरी गाठ मारली, वरची आता पाच अष्टमांश इंचावर आहे. 'टक्' गेलं, बाण सरळ रुततो. डावीकडे अजून वीतभर जातो. १२५ ग्रेनच्या टिपा मागवू की थेट १४५ च्या?