14 पुस्तकं आली आहेत: आधी काय वाचू, आणि पावसाळ्यात जपू कशी?

किनारपट्टी
नमस्कार मंडळी. या महिन्यात घरी आलेली पुस्तकं अशी:

नवी कोरी: युगान्त, व्यासपर्व, कोसला, बिढार, हूल, जरीला, झूल, काजळमाया, रमलखुणा.
जुन्या बाजारातली: स्मृतिचित्रे, ऋतुचक्र, निळासावळा, बनगरवाडी आणि लीळाचरित्र (कोलते यांनी संपादित केलेली प्रत).

रोज रात्री साधारण 40 मिनिटं मिळतात, रविवारी दोन तास. मुक्काम चिपळूण, मृग तोंडावर आला आहे, आणि लोखंडी कपाट एकच. तीन प्रश्न आहेत. वाचायचा क्रम कसा लावू? लीळाचरित्राला एकट्याने हात घालता येईल का? आणि जुन्या प्रतींना कुबट वास आहे, एकीला बारीक भोकंही आहेत, तर त्या नव्यांबरोबर ठेवू का?

जुनीप्रत
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बाकीचं थांबू शकतं, हे नाही. नव्यांबरोबर अजिबात ठेवू नका. जुन्या पाचही प्रती आजच वेगळ्या काढा, प्रत्येक प्रत स्वतंत्र पारदर्शक पिशवीत, पिशवीत पांढरा कागद अंथरून. दोनतीन आठवडे तशाच राहू द्या आणि मधूनमधून कागद बघत राहा.

भोकं नीट पाहा. टाचणीच्या टोकाएवढी, गोल, पानांच्या आरपार जाणारी असतील आणि पांढऱ्या कागदावर पिठासारखा भुगा पडत असेल, तर आत भुंगेऱ्याची अळी जिवंत आहे. भोक नसून पानाचा किंवा मुखपृष्ठाचा वरचा थर खरवडल्यासारखा दिसत असेल तर ती कसर. तिला कागदापेक्षा त्यावरची खळ आणि डिंक हवा असतो, म्हणून कण्याजवळ आणि कापडी बांधणीवर आधी दिसते. मातीचे कण दिसले तर वाळवी. मग प्रश्न पुस्तकाचा नाही, भिंतीचा आहे.

भुगा पडत असेल तर डीप फ्रीजर हा सगळ्यात सुरक्षित उपाय. पुस्तक पूर्ण कोरडं असलं पाहिजे. पिशवीतली हवा दाबून काढा, तोंड घट्ट बंद करा आणि उणे 18 अंशांवर निदान दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, 24 तास तशीच ठेवायची. इथेच बहुतेकांचं बिनसतं. थंडगार पुस्तकावर कोकणातली दमट हवा लागली की पानापानावर पाणी धरतं, आणि किड्यापासून वाचवलेलं पुस्तक बुरशीच्या तोंडी जातं. शेवटी मऊ ब्रशने भुगा झाडून टाका, म्हणजे पुढे नवा भुगा पडला तर कळेल.

थंडीने बुरशी मरत नाही, निजते. कुबट वास असलेली प्रत सावलीत, पंख्याखाली, पानं पंख्यासारखी उघडून उभी ठेवा. बुरशीचा डाग ओलसर असताना पुसू नका, तो पसरतो आणि धाग्यांत मुरतो. सुकून भुकटी झाली की घराबाहेर, नाकाला एन-95 मास्क लावून, रुंद मऊ ब्रशने स्वतःपासून दूर झाडा. कडक उन्हात पुस्तक वाळवण्याची आपल्याकडची सवय सोडा. कागद पिवळा पडतो आणि पुठ्ठा पिळवटतो.

ओवीबद्ध
लीळाचरित्र एकट्याने वाचता येतं, बिनधास्त घ्या. तेराव्या शतकाच्या अखेरीचं गद्य आहे, पण वाक्यं छोटी आणि प्रसंग त्याहून छोटे. एकेक लीळा काही ओळींपासून पान-दीड पानापर्यंतची. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध असे तीन भाग आहेत. एकांकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या एकाकी भ्रमंतीचा काळ येतो. माझं मत असं की सुरुवात पूर्वार्धातून करा. तिथे माणसं जमलेली आहेत, संवाद आहेत, भांडणं-रुसवे आहेत, आणि भाषा कानात लवकर बसते. एकांक नंतर.

अडतं ते शब्दांपाशी कमी, रूपांपाशी जास्त. ही एवढी रूपं एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवा: तेया म्हणजे त्या, जेया म्हणजे ज्या, जालें म्हणजे झालं, काइ म्हणजे काय, नावेक म्हणजे क्षणभर. "-तें" हा आपल्या "-ला"चं काम करतो. "गोसावी" आणि "सर्वज्ञ" दोन्ही चक्रधरच. "सर्वज्ञें म्हणीतलें" आलं की पुढे त्यांचं बोलणं. एवढ्यावर निम्मं पान सुटतं. उरलेल्यासाठी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (1999) शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. अर्थ इंग्रजीत आहेत, पण उतारे मूळ ग्रंथांतले दिलेले असतात, आणि खरा उपयोग त्यांचाच. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोशही तिथेच आहेत. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती 1857 ची, त्यामुळे तो एकोणिसाव्या शतकाच्या गद्याला उत्तम. लीळाचरित्राला तो पुरत नाही.

मोठ्याने वाचा. डोळ्यांना "आइकिलें" परकं वाटतं, कानाला वाटत नाही. रोज तीनचार लीळा, त्याहून जास्त नाही.

शाईदौत
ओवीबद्ध यांच्याशी एका बाबतीत मतभेद. लीळाचरित्र सुरुवातीलाच घेतलं तर 40 मिनिटांतली 30 त्यातच जातील आणि बाकी ढीग तसाच राहील. ते रविवारला बांधा.

क्रम एकाच रांगेत लावू नका, तीन वेगांच्या तीन रांगा करा. रोज रात्रीची रांग कथा-कादंबरीची: 40 मिनिटांत डेमी आकाराची 20-25 पानं होतात असं धरा. रविवारची रांग जड पुस्तकांची. आणि तिसरी महिन्याची, ज्यात एकच पुस्तक: ऋतुचक्र. दुर्गा भागवतांनी ते महिन्यामहिन्याने लिहिलं आहे, तर त्याच चालीने वाचा. चैत्राची वाट बघत बसू नका, ज्येष्ठापासून धरा. लेख महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि शेवटच्या आठवड्यात पुन्हा. मधल्या दिवसांत दारची झाडं बघून झालेली असतात, त्यामुळे दुसऱ्या वाचनात तपशील उठून दिसतात. सलग एका बैठकीत वाचलं की फुलापानांची नावं एकमेकांत मिसळतात आणि हाती काही उरत नाही.

रात्रीची रांग स्मृतिचित्रेने उघडा. प्रसंग छोटे, भाषा घरातली, झोप आली तरी कुठेही थांबता येतं. मात्र आधी शीर्षकपान तपासा. "संक्षिप्त" लिहिलं असेल तर ती कापलेली आवृत्ती आहे. मूळ पुस्तक 1934 ते 1936 मध्ये चार भागांत आलं, आणि संक्षेपात गळतं ते नेमकं लक्ष्मीबाई टिळकांचं रेंगाळणं, जे या पुस्तकाचं वैभव आहे. संक्षिप्त प्रत निघाली तर ती कुणाला तरी द्या आणि पूर्ण मिळवा.

मग बनगरवाडी, चार-सहा रात्रींचं काम. त्यानंतर कोसला.

पारावरचा
कोसला आणि चांगदेव पाटीलची चौकडी (बिढार ते झूल) यांच्यामध्ये अंतर ठेवा. लागोपाठ घेतलं तर कोसलातल्या पांडुरंग सांगवीकरचा आवाज चांगदेव पाटीलवर चढतो, आणि ही दोन माणसं वेगळी आहेत. चौकडीचा क्रम तुम्ही लिहिला आहे तोच: बिढार, हूल, जरीला, झूल. बिढार वाचून झाल्यावर तीनचार महिने गेले तर सहकारी, गावं, कॉलेजं सगळं विसरायला होतं, म्हणून चारही सलग वाचता येतील अशी जागा शोधा. दिवाळीच्या सुटीत सुरू करून पुढे थंडीभर.

शाईदौत
बरोबर. मग कोसलानंतर पावसाळ्यात जी. ए. कुलकर्णींच्या कथा बसतील. निळासावळा (1959) आधी, काजळमाया (1972) नंतर, रमलखुणा (1975) शेवटी. हा क्रम फक्त सालांसाठी नाही. पहिल्या संग्रहात घरं, गल्ल्या, नातेवाईक ओळखीचे आहेत. तिथला दैवाचा धागा एकदा हाताला लागला की पुढची रूपकं बंद दारासारखी वाटत नाहीत. रमलखुणामध्ये "प्रवासी" आणि "इस्किलार" या दोनच दीर्घकथा आहेत. रात्रीच्या 40 मिनिटांत त्यांचे तुकडे पाडू नका, एकेक रविवार द्या. बाकी दोन संग्रहांतली एका रात्री एकच कथा. दुसरी लगेच सुरू केली की पहिलीचा शेवट पुसला जातो. संग्रहातली प्रत्येक कथा पुरी केलीच पाहिजे असंही नाही, पण सोडलेल्या कथेच्या पानावर चिठ्ठी ठेवा.

युगान्त (इरावती कर्वे) आणि व्यासपर्व (दुर्गा भागवत) ही महाभारतावरची जोडी रविवारची. एका व्यक्तिरेखेवरचा इरावतीबाईंचा लेख, मग त्याच व्यक्तिरेखेवरचा दुर्गाबाईंचा, असं आलटून-पालटून वाचता येईल तिथे वाचा. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या अंगाने कुळं, वारसा, लग्नं तपासतात. दुर्गाबाई त्याच माणसाच्या मनात शिरतात. इरावतीबाईंचा आधार भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आहे, हे लक्षात ठेवा. या आवृत्तीचं काम 1919 ते 1966 चाललं. आपल्याला तोंडपाठ असलेल्या काही गोष्टी त्या मूळ संहितेत नाहीत. गणपती लेखनिक झाल्याची कथासुद्धा तिथे परिशिष्टात गेली आहे. त्यामुळे "हे बाईंनी कसं सोडलं?" असा प्रश्न पडला की आधी हे आठवा.

फर्मा
वाचन सुरू करण्याआधी सगळ्या 14 प्रतींचे फॉर्म (एकत्र छापून दुमडलेल्या पानांचे गठ्ठे) मोजा. यात आळस केला तर 200 पानं वाचल्यावर कळतं की 209 ते 224 नाहीतच. 16 पानी फॉर्म असेल तर 1, 17, 33, 49 या पानांच्या तळाशी, कोपऱ्यात, फॉर्मचा बारीक आकडा छापलेला सापडतो, निदान जुन्या छपाईत. त्या आकड्यांची मालिका तुटली की 16 पानं गेली, तोच आकडा दोनदा आला की फॉर्म दुबार बांधला गेला. आकडा नसेल तर पृष्ठांक झरझर बघत जा. नव्या प्रतींत कोरी पानंही निघतात, म्हणून बिल जपून ठेवा, वेळेत दाखवलं तर प्रत बदलून मिळते.

नव्या पुस्तकांत शिवण नसेल, नुसत्या गोंदावर पानं धरलेली असतील, तर ती मधूनच उताणी उघडू नका. कणा टेबलावर टेकवून उभी धरा, आधी पुढचा पुठ्ठा खाली सोडा, मग मागचा, मग पुढून दहा-पंधरा पानं, मागून दहा-पंधरा, असं मध्यापर्यंत या. प्रत्येक वेळी बोटाने आतली घडी हलकी दाबायची. गोंद सगळीकडे सारखा लवचीक होतो. एकाच जागी जोराने मोडला की तिथून पानं सुटायला लागतात.

जुन्या प्रतींबद्दल आणखी एक. 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत न उच्चारले जाणारे अनुस्वार असतात: घरांत, कांहीं, नांव. ते वाचताना गिळायचे, पण दुर्लक्ष करू नका. "तें" म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन, "ते" म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन. लांब वाक्यात कोण कुणाबद्दल बोलतंय ते या टिंबावरून कळतं.

किनारपट्टी
सगळ्यांचे मनापासून आभार. तपासलं: स्मृतिचित्रे संक्षिप्त नाही. भोकं बनगरवाडीला आहेत, भुगा पडतोय, म्हणजे फ्रीजर. लीळाचरित्राचं एक पान आडवं फाटलं आहे. सेलोटेप लावू का? आणि कपाटात डांबरगोळ्या चालतील?

जुनीप्रत
सेलोटेप नको. काही वर्षांत त्याचा गोंद कागदात उतरतो, तपकिरी पट्टा पडतो आणि वरची फीत सुटून येते. डाग मात्र जात नाही.

डांबरगोळ्यांनी बुरशी रोखली जात नाही, आणि बंद खोलीत ती वाफ माणसालाही वाईट. कपाट बाहेरच्या भिंतीपासून तीन इंच पुढे ओढा, सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवा, पुस्तकं ठासून भरू नका. काही शे रुपयांत आर्द्रतामापक मिळतो, तो आत ठेवा. काटा 65 टक्क्यांच्या वर रेंगाळला की बुरशीला आमंत्रण. लोखंडी कपाट घट्ट बंद होत असेल तर सिलिका जेलचा उपयोग होतो, उघड्या मांडणीवर शून्य. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर तासभर तापवून पुन्हा वापरा. कपाट पावसाळाभर बंद ठेवणंही चूक. उघडीप मिळाली, हवा कोरडी असली, की दार उघडून पंखा लावा.

फाटलेल्या पानाला गव्हाच्या चिकाची खळ लावा. कुरडयांसाठी काढतात तोच चीक, पण मीठ-हिंग घालण्याआधीचा. गहू तीन दिवस भिजल्याने तो आंबट झालेला असतो, आणि आंबटपणा कागदाला खातो. म्हणून चिकात स्वच्छ पाणी घाला, तळाशी बसू द्या, वरचं पाणी ओता, असं तीनदा करा. मग एक वाटी दाट चिकाला चार वाट्या पाणी, मंद आचेवर 20-25 मिनिटं, सतत ढवळत, पांढरेपणा जाऊन अर्धपारदर्शक होईपर्यंत. गार झाल्यावर मलमलीतून गाळा. बाइंडर मंडळी पूर्वी खळीत मोरचूद किंवा तुरटी घालत. आपण नाही घालायची. मोरचुदातलं तांबं आणि तुरटीचं आम्ल दोन्ही कागद ठिसूळ करतात. फ्रीजमध्ये तीनचार दिवस टिकते, वास आला की फेकून द्या.

फर्मा
आणि पट्टी जपानी टिश्यूची (पातळ, तंतुमय कागदाची) घ्या, चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मिळते. कात्रीने कापू नका. ओल्या ब्रशने रेघ ओढून हाताने फाडा, सेंटिमीटरभर रुंद, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि पानाला धरतात. खळ पट्टीला लावायची, पानाला नाही, आणि अगदी पातळ. फाटीच्या कडा आधी जुळवून बघा. तिरपी फाट असेल तर कोणती कड वर येते ते ठरवून घ्या, नाहीतर अक्षरं सरकतात. पट्टी ठेवली की वर-खाली बटर पेपर, त्यावर टीपकागद, त्यावर वजन. अर्ध्या तासाने टीपकागद बदला, मग रात्रभर तसंच राहू द्या. दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावू नका, पान तिथे ताठ होतं आणि उलटताना पट्टीच्या कडेला नव्याने मोडतं.