मदत हवी आहे: अडीच वर्षांच्या लेकीला घेऊन हाफ मून बेला भोपळ्याच्या शेतावर

मंडळी, आम्ही कॅलिफोर्नियात सनीवेलला राहतो. ऑक्टोबरात लेकीला समुद्रकाठच्या हाफ मून बे गावी भोपळ्याच्या शेतावर न्यायचंय. सोबत सासूबाई आहेत, त्यांचा गुडघा दुखतो, त्यामुळे फार चालणं नको.

घराजवळचं एक 'पॅच' (भोपळे विकायची जागा) पाहून झालं. पार्किंगच्या डांबरावर पेंढा पसरून मांडलेले भोपळे, आणि दारातच हॅलोविनच्या सजावटीचा, हातपाय हलवणारा सांगाडा! लेक जी किंचाळली ती कडेवरून उतरेचना. म्हणून आता वेलींमध्ये पडलेले भोपळे दिसतील असं खरं शेतच हवंय.

शनिवार-रविवारी तिकडे जाणाऱ्या ९२ नंबरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, तिथल्या पम्पकिन फेस्टिव्हलच्या वीकेंडला तर नावच नको. तेव्हा मधल्या वारी सकाळी जाऊ, तिच्या दुपारच्या झोपेआधी परत. वेबसाइट पाहिल्या, फोनही केले. तिकिटांचे दर कळतात, जमीन कशी आहे ते कोणी सांगत नाही.

कोरायचे मोठे भोपळे पाणचट निघतात, त्यांचे घारगे काही जमत नाहीत. त्यामुळे छोटे शुगर पम्पकिन किंवा काबोचा (जपानी भोपळे) हेही घ्यायचेत.

तर, भुताटकीची सजावट नसलेलं, स्ट्रोलर ढकलता येईल आणि खायचे भोपळेही मिळतील असं शेत तिथे कुठलं?